इंदूरच्या सिग्नलमध्ये माझा आवाज

इंदूरला जाऊन आले असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. शहर खरंच एवढं स्वच्छ आहे का? आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत काय काय खाल्लं? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर असं की सराफ्यात जायला मला सवडच मिळाली नाही, कारण मी वाहतूक नियंत्रणात होते. यावर समोरचा हसतो आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

मी काही वाहतूक नियंत्रणासाठी गेले नव्हते. मी सांगलीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. मला पाठवलं होतं माझ्या धाकट्या बहिणीनं, शैलानं. तिची एकुलती एक मुलगी गौरी तीन वर्षांपासून इंदूरला नोकरी करते. "काय करते ते मला आजवर समजलं नाही," शैला म्हणाली. "दिवे लावते आणि ड्रोन उडवते म्हणे. इथल्या कॉलेजात जागा निघालीय. ताई, तुझं ती ऐकते. जा, चार दिवस राहा, आणि येताना घेऊन ये."

जणू वाटेत बाजार लागतो, तिथून कोथिंबीर आणायची होती.

राजेंद्र नगर

स्टेशनवरून रिक्षा केली. गौरी कामावर होती, तिनं पत्ता पाठवला होता. रिक्षात बसल्या बसल्या मी संत्रं सोललं आणि साल, खरं सांगते, अगदी सहज, बाहेर टाकायला हात काढला. रिक्षा जागच्या जागी थांबली. रिक्षावाला मागे वळला आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, पीछे डब्बा है." सीटच्या मागे खरंच छोटा कचऱ्याचा डबा होता, झाकणासकट. बत्तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले. साल डब्यात टाकलं आणि झाकण नीट लावलं.

गौरी कांबळेकाकांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते, तेव्हापासून घराणं इकडचंच. फाटकात उभे राहून माझी वाटच बघत होते.

"या या ताई, रस्त्यात तकलीफ नाही ना झाली? पहिले पाणी घ्या, मग पोहे घ्या, बाकी सब होत राहील."

काकांची मराठी ऐकायला दोन मिनिटं कान लावावा लागतो, मग सोडवत नाही. क्रियापदं आपली, बाकी बरंचसं हिंदी, आणि मध्ये मध्ये 'भिया', म्हणजे भाऊ. मलासुद्धा एकदा भिया म्हणाले आणि स्वतःच लाजले.

पोह्यांबद्दल सांगते. आपल्याकडे पोहे म्हणजे फोडणी, शेंगदाणे, वर खोबरं-कोथिंबीर. तिथं पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात बडीशेप, वर मूठभर शेव, कच्चा कांदा आणि जीरावण नावाचा एक मसाला, जो चिमूटभर टाकला की माणूस दुसरी प्लेट मागतो. सोबत जिलेबी. पोह्यांबरोबर जिलेबी खायची ही कल्पना मला अनाचार वाटली. तिसऱ्या दिवशी मी जिलेबी आली नाही म्हणून विचारणा केली.

संध्याकाळी गौरी आली. वाळून काटकी झाली होती. पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा पुढे ओढून तिनं मला तिचं काम समजावलं, आणि शैलाला तीन वर्षांत जे कळलं नाही ते मला दहा मिनिटांत कळलं.

"हा चौक. वर ड्रोन उभा. कुठल्या बाजूला किती गाड्या तुंबल्यात ते तो बघतो आणि पोटाखालचा दिवा लुकलुकवून सिग्नलच्या खांबावरच्या काचेच्या डोळ्याला कळवतो. सिग्नल त्याप्रमाणे हिरवा-लाल होतो. आणि सिग्नलचा दिवासुद्धा लुकलुकतो, पण इतक्या वेगानं की माणसाला दिसत नाही. गाडीवर बसवलेल्या डबीला दिसतं. डबी ते वाचते आणि गाडीवाल्याला बोलून सांगते."

"मग मोबाइलवर का नाही सांगत?"

"मोबाइलवर सगळ्यांना जातं, मावशी. उजेड ज्याच्यावर पडतो त्यालाच कळतो. डावीकडच्यांना डावीकडचा निरोप, उजवीकडच्यांना उजवीकडचा."

मला हे फार आवडलं. वर्गात असं करता आलं असतं तर मागच्या बाकाला वेगळं बोलता आलं असतं.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. तीन दिवसांनी वाहतूक खात्याच्या साहेबांसमोर चाचणी होती, विजय नगरजवळच्या लागोपाठच्या तीन सिग्नलांवर. ती फसली तर कंपनी हे काम बंद करणार होती.

कॉलेजातल्या जागेचं मी त्या दिवशी काही बोलले नाही.

पोलोग्राउंड

दुसऱ्या दिवशी गौरी मला तिच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. पोलोग्राउंड म्हणजे जुने कारखाने. एका बाजूला पत्रा कापतात, दुसऱ्या बाजूला लेथ चालतं, आणि मधल्या दोन खोल्यांत हिचे दिवे आणि ड्रोन. तिथं लोकेश भेटला. ड्रोन उडवणारा, तिशीचा, पक्का इंदुरी. मला बघताच पाया पडला आणि म्हणाला, "मौसीजी, आप ही का इंतजार था." मला वाटलं सौजन्य. तसं नव्हतं.

त्यांची अडचण अशी होती की गाड्यांवरच्या डब्यांत भरलेला आवाज कुणी ऐकत नव्हतं. कॉम्प्युटरमधली ती गोड बाई "कृपया गति कम करें" म्हणायची आणि स्कूटरवाले तिला "हाँ हाँ" म्हणून पुढे जायचे.

"मावशी, तू बोल ना," गौरी म्हणाली. "तुझ्या आवाजाला शाळेत मुख्याध्यापकही घाबरायचे."

हे खरं आहे. पण माझं हिंदी म्हणजे सांगलीचं हिंदी. मी तसं स्पष्ट सांगितलं. तरी त्यांनी मला पोत्यांच्या खोलीत बसवलं, कारण तिथं लेथचा आवाज कमी येतो. मी चष्मा लावून वाचलं, "कृपया रुकिए." गौरीनं मान हलवली. पुन्हा वाचलं. लोकेश म्हणाला, "मौसीजी, ये तो प्रसाद बाँट रही हो."

तिसऱ्या वेळी मी वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात लोकेश मागे सरकता सरकता माईकच्या वायरीत अडकायला लागला. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ए! रुको वहीं के वहीं! हिलनेका नहीं!"

लोकेश एक पाय हवेत धरून उभा राहिला. शेजारचं लेथ थांबलं. पत्रा कापणारा माणूस दारात येऊन बघून गेला.

"हेच!" गौरी किंचाळली. "मावशी, हेच पाहिजे!"

मग तासभर मी मनसोक्त ओरडले. "आगे चलो, पीछेवाले को रास्ता दो!" "घाई काहे की? कायका पेपर छूटनेवाला है?" यातलं 'घाई' मराठी आहे हे माझ्या नंतर लक्षात आलं. लोकेश म्हणाला राहू द्या, समजतंय. निवृत्तीनंतर इतकं मोकळं मला पहिल्यांदाच वाटलं.

चौकात रंगीत तालीम

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात तालीम होती. परवानगीचे कागद घेऊन एक हवालदार सोबत उभा. वीस स्कूटर, दोन रिक्षा आणि एक सिटी बस यांच्यावर डब्या बसवलेल्या. कांबळेकाकाही आले होते, गराडू घेऊन. गराडू म्हणजे सुरणाचा लांबचा भाऊ, तळून मसाला आणि लिंबू मारून थंडीत खातात. कामाच्या जागी असं काही आणू नये असं माझं मत होतं. ते पहिला तुकडा तोंडात पडेपर्यंत टिकलं.

सुरुवात वाईट झाली. सकाळचं ऊन थेट खांबावरच्या काचेच्या डोळ्यात शिरत होतं आणि त्याला ड्रोनचा दिवाच दिसेना. गौरी लॅपटॉपवर काही तरी बडवत बसली. कांबळेकाकांनी वर बघितलं, कपाळावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "बेटा, आपण उन्हात कसं बघतो? त्यालाही टोपी घाला ना." शेजारच्या दुकानातून त्यांनी प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा आणला. हवालदारानं शिडी धरली. पाइप बसवला आणि डोळ्याला दिसायला लागलं. एवढ्या शिकलेल्या दोघांनी काकांकडे बघितलं. काका गराडू वाटत होते.

मग ड्रोन बिघडला, किंवा फारच शहाण्यासारखा वागला. बॅटरी कमी झाली की तो आपोआप 'घरी' परततो. घर म्हणजे आपण त्याला नेमून दिलेली जागा. पण लोकेशनं आदल्या दिवशी तो स्वतःच्या गच्चीवरून उडवला होता आणि नवं घर त्याला सांगायचं विसरला होता. बॅटरी कमी झाली, ड्रोननं एक गिरकी घेतली आणि आमच्या डोक्यावरून, हवालदाराच्या डोक्यावरून, शिस्तीत निघून गेला. लोकेश त्याच्या मागे रस्त्यानं पळाला. दहा मिनिटांनी त्याच्या मागे राहिलेल्या मोबाइलवर त्याच्या आईचा फोन आला. तो पळतच होता म्हणून गौरीनं उचलला.

"बेटा, उसका पंखा घर आ गया है," आई म्हणाल्या. "वो खुद खाने पे कब आएगा?"

ड्रोन सापडला, पण त्याचा एक पंख गच्चीवर पापड वाळत घातलेल्या खाटेवर आपटून मोडला होता. तालीम अर्धवट राहिली. हवालदार गेला, स्कूटरवाले गेले. दुभाजकाच्या कठड्यावर गौरी खाली मान घालून बसली आणि रडायला लागली. लहानपणीही ती अशीच रडायची, आवाज न करता, नाक पुसत.

"आई म्हणते तेच बरोबर असेल मावशी. तू मला न्यायला आलीयस ना? मला माहीत आहे. उद्या हे फसलं की येते मी तुझ्यासोबत."

आता बघा. मी ज्यासाठी आले होते ते माझ्या हातात आयतं पडलं होतं. फक्त "बरं" म्हणायचं होतं. पण ज्या मुलीनं काल मला पोत्यांच्या खोलीत तासभर ओरडायला लावून दर वाक्याला टाळ्या वाजवल्या होत्या, ती ही नव्हती. अशा अवस्थेतली मुलगी घरी न्यायची नाही, एवढं मला कळत होतं.

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. "आधी त्या लोकेशला सांग, पंख बसवताना घराचा पत्ताही बदल म्हणावं."

विजय नगरजवळ, चाचणी

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला साहेब आले. उंच, मिशीवाले, चेहऱ्यावर काही दिसू न देणारे. मंडपात खुर्च्या, पडद्यावर ड्रोनचं चित्र. ड्रोन वर गेला. पहिली वीस मिनिटं सगळं इतकं छान चाललं की मला भीती वाटायला लागली. ज्या बाजूला गर्दी, त्या बाजूला हिरवा. स्कूटरींमधून माझा आवाज येत होता आणि माणसं खरोखर थांबत होती. एका काकांनी तर हेल्मेट नीट केलं, त्यांना तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

आणि डाव्या रस्त्यानं वरात आली.

लग्नसराईचे दिवस. पुढे बँड, मध्ये घोडीवर नवरदेव, दोन्ही बाजूंना डोक्यावर विजेची झगमगती झुंबरं घेतलेल्या बायांची रांग, मागे नाचणारे दीडदोनशे लोक. आपल्याकडे वरात चौकात आली की थोडं आवरतं घेते. तिथं चौकात आली की खरी सुरू होते. चौक अडवून नाचणं हा वऱ्हाडाचा हक्क असतो आणि शहर तो मान्य करून इंजिन बंद करून बसतं.

पडद्यावर आकडा चढायला लागला. चाळीस वाहनं. नव्वद. एकशे तीस. ड्रोन झुंबरातल्या प्रत्येक दिव्याला गाडीचा हेडलाइट समजत होता.

"मर गए," लोकेश पुटपुटला.

यंत्रानं आपलं काम केलं. सर्वांत जास्त गर्दी डावीकडे, तर डावीकडे हिरवा. उरलेल्या तीन बाजूंच्या सगळ्या डब्यांतून मी एकदम गरजले, "रुको वहीं के वहीं! हिलनेका नहीं!" ज्यांच्याकडे डबी नव्हती तेही थांबले. चौक रिकामा झाला. असा रिकामा चौक त्या बँडवाल्यांनी उभ्या जन्मात बघितला नसावा. नाचायला गर्दी अडवावी लागते, इथं अडवायला कुणीच नव्हतं. ते गोंधळले. तेवढ्यात वरातीमागे अडकलेल्या सिटी बसमधून माझा आवाज आला, "आगे चलो, पीछेवाले को रास्ता दो!"

बँड चालायला लागला. घोडीला मोकळा रस्ता दिसला, ती दुडक्या चालीनं निघाली. नवरदेवानं फेटा धरला. झुंबरवाल्या बाया पळायला लागल्या. पुढचा सिग्नल जोडलेला होता, त्यानंही आकडा बघून हिरवा दिला. त्याच्या पुढच्यानंही. जी वरात दीड तासात पोचायची ती पाव तासात लग्नाच्या बागेच्या दारात उभी. तिथं, आम्हाला मागून कळलं, नवरी अजून पार्लरमध्ये होती, स्वागताच्या माळा यायच्या होत्या आणि नवरीचे वडील बनियनवर खुर्च्या मोजत होते.

थोड्या वेळानं नवऱ्याचे मामा मोटारसायकलवरून मंडपात आले, घामाघूम.

"साहब, ये कौन सी बदतमीजी है? हमारे नाचने का टाइम खा गए!"

साहेबांनी मिशीवर हात ठेवला. मला वाटलं रागावले. ते हसू दाबत होते. "रास्ता खुला मिला, उसकी शिकायत है?"

"हाँ!" मामा म्हणाले.

मामांना पाणी देऊन बसवलं. साहेब गौरीकडे वळले. "चौबीस साल की नौकरी में बारात को इतनी जल्दी निकलते नहीं देखा. ये आपने सोच के किया था?"

लोकेशनं मागून तिला कोपर मारलं. हो म्हण, असं ते कोपर होतं. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, म्हण बाई हो.

"नहीं सर," गौरी म्हणाली. "गलती थी. ड्रोन ने लाइटों को गाड़ियाँ समझ लिया. उस वक्त एंबुलेंस दूसरी तरफ होती तो वो रुकी रह जाती. इसको सुधारना पड़ेगा."

तिची मान वर होती. साहेबांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा बघितला. लोकेशनं डोळे मिटून घेतले होते.

"कितना टाइम लगेगा?"

"तीन महीने."

"लीजिए," ते म्हणाले. "कंपनी को मैं चिट्ठी भेजता हूँ. और पहले एंबुलेंस वाला देखिए, बारात बाद में."

मामांचा प्रश्न उरला होता. साहेबांनी कडेच्या सर्व्हिस रोडवर त्यांना पंधरा मिनिटं नाचायची परवानगी दिली. वऱ्हाड पुन्हा आणलं गेलं, घोडी सोडून. ती परत यायला तयार नव्हती. मामांनी कांबळेकाकांना ओढलं, काकांनी लोकेशला, लोकेशनं गौरीला, आणि गौरीनं मला. एका झुंबरवालीनं विसावा म्हणून तिचं झुंबर क्षणभर माझ्या हातात दिलं आणि परत न्यायला आलीच नाही. मी साठ वर्षांची बाई, विजेचं झुंबर घेऊन इंदूरच्या रस्त्यावर दोन पावलं डावीकडे, दोन पावलं उजवीकडे करत होते, आणि समोरच्या स्कूटरी मला माझ्याच आवाजात बजावत होत्या, "हिलनेका नहीं!"

परत

निघायच्या सकाळी गौरीनं माझी बॅग रिक्षात ठेवली. मी तिला कॉलेजातल्या जागेबद्दल सांगितलं, कारण न सांगता जाणं बरोबर झालं नसतं. तिनं ऐकून घेतलं. "तीन महिने, मावशी," एवढंच म्हणाली आणि कामावर गेली. उशीर झाला होता, ती पळतच गेली.

सांगलीत स्टँडवर शैला आली होती. तिनं माझ्या मागे बघितलं, मग बसच्या दाराकडे बघितलं.

"कुठाय ती?"

मी तिला घरी नेऊन चहा करून सगळं सांगितलं. ड्रोन, दिवे, वरात, साहेब. गौरी त्यांच्यासमोर काय बोलली तेही, जसंच्या तसं. शैलानं चहाला हात लावला नाही. "तुला एक काम सांगितलं होतं," म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. शैला दारात उभी, दोन्ही हातांत भडंगाचे चार मोठे पुडे.

"एवढे बसतील का गं एका बॅगेत?" तिनं विचारलं. "आणि मार्चमध्ये तिकडे ऊन कितपत असतं? माझं तिकीट निघालंय."